डॉक्टरने भजन लिहून दिलं तर?

आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी कोणीतरी बातमी टाकली की इंग्लंडमधे डॉक्टर गोळ्यांऐवजी बागकाम नाहीतर चित्रकलेचा क्लास लिहून देतात, आणि मग काय, सगळे सुटलेच. आपल्याकडे कट्टा आहे, भजनी मंडळ आहे, हास्यक्लब तर आपणच जगाला दिला (हे मात्र खरंय, १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी सुरू केला), गोऱ्यांना गप्पा मारायला पण चिठ्ठी लागते वगैरे वगैरे.

मी इथे इंग्लंडमधेच, रेडिंगला राहते. डॉक्टरने असं काही लिहून देण्याला इथे सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. पूर्व लंडनच्या ब्रॉम्ली बाय बो सेंटरमधे हे खूप आधीपासून चालायचं, २०१९ मधे एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, प्लॅनने ते देशभर न्यायचं ठरवलं आणि हजारावर लिंक वर्कर, म्हणजे पेशंटला अशा क्लासशी नाहीतर मंडळाशी जोडून देणारी माणसं, नेमायला घेतले. खरी गोष्ट ही लिंक वर्करच आहे, बागकाम नाही. आमच्या शेजारचे आजोबा, रिटायर्ड बस ड्रायव्हर, बायको गेल्यापासून सारखे जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर), कधी पाठ कधी छाती, आणि जीपीकडे वेळ दहा मिनिटं. लिंक वर्कर मात्र तासभर त्यांच्या किचनमधे बसली, आधी काय आवडायचं विचारलं, सुतारकाम म्हणाले. मग मेन्स शेड म्हणून एक प्रकार असतो, म्हातारे जमून लाकडाची खुडबुड करतात, तिथलं नाव दिलं. आजोबा एकटे गेले ते गेटवरूनच परत आले! पुढच्या वेळी ती सोबत गेली. आता आमच्या कुंपणावर त्यांनी केलेलं पक्ष्यांचं घर आहे, जरा तिरकंच आहे.

इथेही सगळं गोड नाहीये हां. माणसांना जिथे पाठवायचं त्या लायब्ररी आणि कम्युनिटी सेंटरच कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणून बंद होतायत, आणि यातून एनएचएसचा खर्च वाचतो का, याचा पुरावा अजून लेचापेचाच आहे.

पण आपला कट्टा? कट्ट्यावर जाणाऱ्याचं बरंच चाललेलं असतं हो. सांगलीहून मुलाकडे हिंजवडीत अकराव्या मजल्यावर येऊन पडलेल्या मावशीला ज्येष्ठ नागरिक संघात कोण नेणार? सून मीटिंगमधे, मुलगा ट्रॅफिकमधे, मावशी गुडघे, ॲसिडिटी, झोप करत डॉक्टरकडे, आणि दरवेळी नवीन टेस्ट.

घरोघरची माहिती असलेली बाई आपल्याकडे आहे की, २००५ पासून, आशाताई. तिला पगार नाही, मानधन, आणि ते वाढवून घ्यायला २०२४ मधे आझाद मैदानावर बसावं लागलं. त्यांच्यावर हे अजून एक फुकटचं काम टाकणार असाल तर नकोच, आधीच रजिस्टरं ढीगभर आहेत. मुंबईत पालिकेने ‘आपला दवाखाना’ नावाचे दवाखाने उघडलेत ना, तिथे एखादी पगारी बाई नेमा, जिला वॉर्डातली भजनी मंडळं, योगवर्ग, वाचनालयं सगळी ठाऊक आहेत आणि जी पहिल्या दिवशी पेशंटबरोबर रिक्षात बसून जाईल. रिक्षाचे पैसे पण द्या तिला.