कार्योत्तर मान्यतेचे मानकरी

आमच्या विद्यापीठाच्या अधिसभेची, म्हणजे सिनेटची, अर्थसंकल्पीय बैठक दर वर्षी मार्चमध्ये होते. यंदाच्या बैठकीची कागदपत्रे मला आदल्या रात्री साडेनऊ वाजता व्हॉट्सॲपवर मिळाली. तीनशेहून अधिक पानांची पीडीएफ, त्यातली निम्मी पाने आडवी स्कॅन केलेली, आणि सोबत 'माननीय सदस्यांनी अभ्यासपूर्ण चर्चेत सहभागी व्हावे' अशी नम्र विनंती. मान वाकडी करून मी रात्री दोनपर्यंत ती पाने वाचत बसलो. आकडे वाचता येत होते. ते कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून ठरवले, हे मात्र त्यात कुठेही नव्हते. एवढेच समजले की अर्थसंकल्प तुटीचा आहे, तूट भरून काढण्यासाठी 'काटकसरीच्या उपाययोजना' जानेवारीपासूनच सुरू झालेल्या आहेत आणि सकाळी अकरा वाजता आम्ही त्यांना कार्योत्तर मान्यता द्यायची आहे.

कार्योत्तर मान्यता हा शब्द ज्याने मराठी प्रशासनात रूढ केला, त्याच्या प्रतिभेला माझा दंडवत. लग्न लागले, पंगती उठल्या, मांडववाला बांबू सोडवून घेऊन गेला आणि मग मुलीच्या मामाला कोपऱ्यात घेऊन 'स्थळ पसंत आहे ना?' असे विचारावे, तशी ही मान्यता असते. मामाने नापसंती सांगितलीच, तर 'आता या वेळी असे बोलणे तुम्हाला शोभत नाही' हे उत्तर तयार असते.

या सगळ्याचे मूळ एका उपकलमात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(७) ने कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी संबंधित प्राधिकरणाच्या बैठकीची वाट न पाहता कार्यवाही करण्याचा अधिकार दिला आहे आणि केलेली कार्यवाही त्या प्राधिकरणासमोर ठेवण्याचे बंधनही घातले आहे. तरतूद वाजवी आहे, हे मी मान्य करतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी नदीला पूर आला, प्रश्नपत्रिका फुटली किंवा वसतिगृहाला आग लागली, तर शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या विद्या परिषदेची गणसंख्या पूर्ण होण्याची वाट कोणीही शहाणा माणूस पाहणार नाही. पण विद्यापीठात ज्याला सगळे जण 'बारा-सात' म्हणतात, ते कलम आता पूर-आगीसाठी राहिलेले नाही. शिक्षकांच्या नेमणुकांची मुदत कमी करायची असो, ग्रंथालयाची नियतकालिके बंद करायची असोत की एखादा अभ्यासक्रम स्थगित करायचा असो, आदेशाच्या पहिल्या ओळीत 'बारा-सात' असते. विद्यापीठाची तूट काही मध्यरात्री दरड कोसळावी तशी अंगावर आलेली नाही. गेली कित्येक वर्षे ती दर मार्चमध्ये त्याच पानावर छापली जाते. दर वर्षी ठरल्या महिन्यात येणाऱ्या गोष्टीला आणीबाणी म्हणायचे, तर दिवाळीलाही म्हणावे लागेल.

आता या काटकसरीची थोडी चव सांगतो. मी इतिहास विभागात शिकवतो. आमच्याकडे मोडी लिपीचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. त्याला ना प्रयोगशाळा लागत होती, ना उपकरणे. लागत होते एक निवृत्त मोडी वाचक, त्यांचे तुटपुंजे मानधन, एक फळा आणि शनिवारची दुपार. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे लाखो मोडी कागद वाचणाऱ्यांची वाट पाहत पडून आहेत, जमिनीच्या जुन्या नोंदींसाठी गावोगावचे लोक मोडी जाणकार शोधत फिरतात, आणि आम्ही मोडी शिकवणे थांबवले, कारण विद्यार्थिसंख्या वीसच्या खाली गेली. वीस हा आकडा कोणी ठरवला, हे मी तीनदा लेखी विचारले. विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाने तो ठरवलेला नाही, विद्या परिषदेत तो आलेला नाही. वित्त विभागातल्या कोणा एका संगणकावर एका दुपारी तो टंकित झाला असावा, असा माझा कयास आहे. ज्या दिवशी अभ्यासक्रम स्थगित झाल्याचा आदेश आला, त्याच दिवशी नव्या प्रवेशद्वाराच्या खांबांना ग्रॅनाइट बसवणे सुरू होते. त्याबद्दल विचारले असता 'सर, ते लेखाशीर्ष वेगळे आहे' असे उत्तर मिळाले. लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातले खर्चाचे खाते, वेगळे असते हे मलाही कळते. पण कोणत्या लेखाशीर्षात किती रक्कम घालायची हे आकाशवाणी होऊन ठरत नाही. ते माणसेच ठरवतात, आणि त्या माणसांमध्ये शिकवणारे कोणी नव्हते, एवढाच माझा मुद्दा आहे.

तूट का आली, हे आम्हाला कळत नाही असे समजून वित्त अधिकारी दर वर्षी रंगीत आलेख दाखवतात. आम्हाला ते उत्तम कळते, कारण त्या आलेखात आम्ही राहतो. मंजूर पदावरच्या शिक्षकाचा पगार शासन देते. तो निवृत्त झाला की पद रिकामे होते, वर्ग मात्र रिकामा होत नाही. पद भरायला परवानगी नसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये संलग्नित महाविद्यालयांतील ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्याला मान्यता मिळाली. ती भरती पुरती होण्याआधीच करोना आला आणि ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने खर्चावर ३३ टक्क्यांची मर्यादा घालून नवी पदभरती थांबवली. मग २०२१ मध्ये आणखी २,०८८ पदांना मान्यता मिळाली. हे महाविद्यालयांचे झाले. विद्यापीठांच्या विभागांतही निवृत्त होणारे निवृत्त होतच राहिले आणि त्यांचे वर्ग कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे गेले. आमच्याकडे त्यांचे मानधन विद्यापीठ स्वतःच्या निधीतून देते. म्हणजे शासनाने न दिलेला पगार विद्यापीठाच्या तुटीत जमा होतो आणि ती तूट कमी करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच कंत्राटी शिक्षकांवर पडते.

उत्पन्नाची बाजूही अशीच आहे. विद्यापीठाची मोठी मिळकत परीक्षा शुल्काची आणि संलग्नीकरण शुल्काची. मोठी महाविद्यालये स्वायत्त झाली की परीक्षा ती स्वतः घेतात आणि तो प्रवाह आटतो. जिल्हे तोडून नवे विद्यापीठ केले की महाविद्यालये तिकडे जातात. शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर वेगळे झाले, नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघाले. निर्णय योग्य असतीलही. गडचिरोलीच्या मुलाने गुणपत्रिकेतल्या चुकीसाठी नागपूरला खेटे घालावेत, असे मी कधीच म्हणणार नाही. पण मूळ विद्यापीठाच्या इमारती, वीजबिले आणि परीक्षा भवनाचा डोलारा काही जिल्ह्यांबरोबर वाटून जात नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले होते. मी जन्मलो नव्हतो तेव्हा. आता माझ्या निवृत्तीला सहा वर्षे उरली आहेत.

तुटीचा राग मला नाही, किंवा असला तरी तो मुंबईच्या दिशेने आहे. तुटीचे निमित्त करून आम्हाला ज्या रीतीने गृहीत धरले जाते, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचा प्रमुख (डीन), हा विद्याशाखेतून निवडून येत असे. त्या निवडणुकांत गटबाजी होती, जातींची गणिते होती, जेवणावळी होत्या. मी स्वतः त्यांची निंदा केलेली आहे. पण त्या अधिष्ठात्याला पुन्हा तोंड दाखवायचे असे ते आमच्यासमोर. २०१६ च्या कायद्याने सगळ्या विद्याशाखा चार मोठ्या शाखांत कोंबल्या आणि अधिष्ठाता हा पूर्णवेळ, नेमलेला अधिकारी केला. माणसे चांगली येतात, नाही असे नाही, पण त्यांना उत्तर द्यायचे असते ते वरच्या मजल्यावर. अभ्यास मंडळांतही निवडून आलेल्या शिक्षकांपेक्षा नामनिर्देशित शिक्षकांची संख्या अधिक. अधिसभेत संलग्नित महाविद्यालयांचे दहा शिक्षक निवडून येतात, विद्यापीठ विभागांतले आम्ही आणखी मोजके. आणि सभागृह मोठे असल्यामुळे आमचा आवाज भिंतीपर्यंत पोहोचायच्या आतच ध्वनिक्षेपक दुसऱ्याकडे गेलेला असतो.

प्रत्यक्ष बैठकीचा दिवस कसा गेला, तेही ऐका. अकराची बैठक पावणेबाराला सुरू झाली. विद्यापीठ गीत झाले. शोकप्रस्ताव झाले, ते व्हायलाच हवेत. त्यानंतर अभिनंदनाचे ठराव आले आणि कोणाकोणाचे अभिनंदन करावे याला काही धरबंद राहिला नाही. एका सन्माननीय सदस्यांनी दुसऱ्या सन्माननीय सदस्यांच्या चिरंजीवांचे अभिनंदन केले. प्रश्नोत्तरांच्या तासात माझे दोन प्रश्न होते. दोन्हींना 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असे छापील उत्तर होते, जे गेल्या वर्षीही होते, टंकलेखनाच्या त्याच चुकीसह. मग जेवणाची सुट्टी झाली. मसालेभात, दोन भाज्या आणि बासुंदी असा बेत होता. काटकसरीचे परिपत्रक स्वयंपाकघरापर्यंत गेलेले दिसले नाही. अर्थसंकल्प आला तो तीन वाजून दहा मिनिटांनी, जेव्हा बाहेरगावचे सदस्य घड्याळाकडे आणि एसटीच्या वेळापत्रकाकडे पाहू लागले होते.

आणि नेमके तेव्हाच, कंत्राटी शिक्षकांच्या नेमणुका अकरा महिन्यांवरून नऊ महिन्यांवर आणण्याचा विषय वाचला जात असताना, बाकांवरून प्रवासभत्त्याचे अर्ज फिरू लागले. सभागृह खाली मान घालून किलोमीटर लिहीत होते. मी हात वर केला तेव्हा शेजारच्यांनी मला पेन मागितले, त्यांना वाटले मी अर्ज मागतो आहे.

मी बोललो. दोन मिनिटे मिळाली. हा निर्णय आधी विभागांकडे यायला हवा होता, कोणते वर्ग दोन महिने कोण घेणार हे विभागांना विचारायला हवे होते, आणि कपात करायचीच असेल तर ती कुठे करायची हे सांगायला आम्ही तयार आहोत, असे मी म्हणालो. मी आकडेही मांडले. व्यासपीठावरून 'सरांच्या भावना आम्ही समजू शकतो' असे उत्तर आले. माझ्या भावना कोणी विचारल्या नव्हत्या आणि मीही त्या सांगितल्या नव्हत्या. मी पान क्रमांक आणि लेखाशीर्ष सांगितले होते. शिक्षक आकडे बोलला की त्याला भावना म्हणायचे आणि अधिकारी भावना बोलला की तिला धोरण म्हणायचे, ही या सभागृहाची परिभाषा आहे.

माझे सहकारी गप्प बसले. त्यांच्यावर मी चिडलो आहे, आणि त्यांना दोष देणे अवघड आहे हेही जाणतो. एकाची कॅसची, म्हणजे पदोन्नती योजनेची, फाइल दोन वर्षांपासून वरच्या मजल्यावर आहे आणि पदोन्नतीच्या मुलाखतीची तारीख कोणाच्या सहीने लागते, हे त्याला ठाऊक आहे. दुसरीला परिषदेसाठी कर्तव्यरजा हवी आहे. तिसरा कुठल्याशा समितीचा समन्वयक आहे, आणि समन्वयकाला स्वतंत्र खोली मिळते. चौथा मला बाहेर आल्यावर म्हणाला, 'सर, तुम्ही अगदी आमच्या मनातले बोललात.' मनात ठेवायचे होते तर मते मागायला गावोगाव कशाला फिरलात, हे माझ्या ओठांवर आले होते. मीही आजवर तीन वेळा अशा कार्योत्तर विषयांना हात वर केलेला आहे. एकदा तर मी अनुमोदक होतो. विषय काय होता, ते आता आठवतही नाही.

आमच्या विभागात ज्या मॅडमची नेमणूक या निर्णयाने दोन महिन्यांनी आखडली, त्या सहा वर्षे एम.ए.ला शिकवत आहेत. नेट उत्तीर्ण आहेत, पीएच.डी. आहेत, विद्यापीठाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीच्या वेळी विभागाच्या सगळ्या फाइली त्यांनीच लावल्या होत्या. बैठकीच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. 'सर, काही झालं का आमचं?' असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, 'मुद्दा मांडला आहे.' हे वाक्य उच्चारताना मला जेवढी लाज वाटली, तेवढी गेल्या कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

काल इतिवृत्ताचा मसुदा आला. त्यात 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन त्यास एकमताने कार्योत्तर मान्यता देण्यात आली' असे आहे. माझा विरोध नोंदवून घ्यावा असे मी ध्वनिक्षेपकावरून, स्पष्ट शब्दांत सांगितले होते. दुरुस्तीचे पत्र घेऊन मी आज सभा विभागात गेलो. तिथल्या बाबूंनी ते घेतले, पोच दिली आणि सौजन्याने समजावले की इतिवृत्तातल्या दुरुस्त्या पुढील बैठकीत इतिवृत्त कायम करताना विचारात घेतल्या जातात, आणि पुढील बैठकीची तारीख अजून ठरलेली नाही. तोवर आहे ते इतिवृत्त शासनाला जाईल.

विभागात परत आलो तर टेबलावर परिपत्रक होते. पुढील सत्राचे वेळापत्रक शिक्षकांच्या नावांसह सोमवारपर्यंत सादर करायचे आहे, विलंब झाल्यास विभागप्रमुख जबाबदार राहतील. आमचे तीन पेपर असे आहेत की ते शिकवायला आज माझ्याकडे कोणी नाही. त्या तीन रकान्यांत मी 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असे लिहून पाठवणार आहे.