मिस्त्रीला धडा कसा शिकवावा

गाडीचा मिस्त्री तुम्हाला फसवणारच आहे, हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आवाज नेमका कधी येतो, ब्रेक दाबल्यावर की वळताना, इंजिन गार असताना की तापल्यावर, हे तुम्हाला चांगलं ठाऊक असतं. सांगू नका. ‘आवाज येतोय, बघ’ एवढं बोलून किल्ली टेबलावर टाका. हुशार असेल तर शोधेल. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेल्यावरही ‘आता पोचलोच’ म्हणत तुम्ही गाडी रेटलीत, ही तर घरातली गोष्ट, ती बाहेर कशाला? हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, उडालेलं त्याला दिसेलच. विचारलं तर ‘अचानक बंद पडली’.

चेक इंजिनचा दिवा लागला तर मिस्त्रीच्या आधी स्वतःच बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावा. समजा, ‘पी०१७१’ असा कोड आला. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. त्यापलीकडे तो कोड काही बोलत नाही. व्हॅक्यूमचा होज, म्हणजे रबरी नळी, फाटलेला असेल, एअर फ्लो सेन्सर मळला असेल, फ्युएल पंप दमला असेल. पण एवढ्या शक्यतांत कोण शिरणार? कुणीतरी व्हिडिओत ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणालेलं असतं. तो ऑनलाइन मागवा, सगळ्यात स्वस्त, आणि मिस्त्रीच्या हातात ठेवून म्हणा, ‘तू फक्त बसव.’ दिवा पुन्हा लागला की त्यानेच नीट बसवला नाही.

आता खरी मेख. समजा, त्याने तासभर बॉनेटखाली मान घालून एकेक होज चाचपला, कोपऱ्यातली बारीक चीर शोधली, चिमूटभर किमतीचा तुकडा बदलला आणि तासाची मजुरी मागितली. इथे तुम्ही भडकायलाच हवं. ‘नुसतं बघायचे कसले पैसे? बदललं काय एवढं?’ हे चार लोकांसमोर बोललात तर उत्तम. पुढच्या वेळी तो शोधत बसणार नाही. सरळ पार्ट बदलेल, पार्टचं बिल लावेल, आणि तुम्ही ते निमूट द्याल, कारण रिकामं खोकं हातात आलेलं असेल. इतक्या चिकाटीने त्याला तयार केल्यावर ‘हल्ली सगळे नुसते पार्ट बदलतात, डोकं कुणी लावत नाही’ असं म्हणायचा हक्क तुमच्याशिवाय कुणाला?

खर्चाचा अंदाज लेखी मागू नका, मागणं बरं दिसत नाही. ‘जास्त लावू नका’ एवढं मोघम सांगून या आणि भांडण बिलासाठी राखून ठेवा.

मिस्त्रीमंडळींनीही आपली बाजू लावून धरली पाहिजे, टाळी एका हाताने वाजत नाही. जुना पार्ट मागितला तर ‘तो भंगारात गेला’ हे उत्तर तयार हवं. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरून द्यावा. बंद यंत्रणेतला गॅस वापरून संपत नसतो, तो कुठूनतरी गळत असतो, हे मात्र बोलू नये. बोललं तर गळती शोधावी लागते, आणि मग गिऱ्हाईक पुढच्या उन्हाळ्यात येतं कशाला? ब्रेक पॅडचं तर विचारूच नका. नव्या पॅडचं लायनिंग, म्हणजे घासून झिजणारा थर, साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतं, ३ वर आलं की बदलायचं. मोजायला पट्टी पुरते. पण ‘पूर्ण गेलेत साहेब, कधीही दगा देतील’ या वाक्याची सर पट्टीला नाही. तुम्हीही चाकाशी वाकून बघू नका, कपडे मळतात.

एवढी काळजी घेऊनही एखादा मिस्त्री असा निघतो, जो चाक काढतो, पॅड तुमच्या डोळ्यांसमोर मोजतो आणि म्हणतो, ‘अजून ६ शिल्लक आहेत, घेऊन जा, एवढ्यात गरज नाही.’ वर पैसेही घेत नाही. अशा माणसापासून सावध राहा, त्याला काही कळत नसणार. तडक दुसरं गॅरेज गाठा. तिथे पॅड बदलतील, डिस्क बदलतील, आणि बिलाची लांबी बघूनच तुमची खात्री पटेल की गाडी कुणीतरी नीट तपासली.