तारेला हात लावू नका, एवढेच सांगून भागत नाही

वादळ ओसरले आणि रस्त्यात तुटलेली तार दिसली की, ती बाजूला करायला कोणीतरी काठी घेऊन हमखास पुढे येतो. गेल्या वादळानंतर मी असे एक गृहस्थ पाहिले. पायांत रबरी चप्पल, हातात बांबू आणि मागच्या गर्दीला दिलासा, की ‘लाइट गेलेली आहे, काही होत नाही.’ त्यांना मागे ओढणाऱ्यांत मी होतो आणि त्याबद्दल चार शब्द ऐकूनही घेतले. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून तर त्यांना अडवणे अवघड गेले.

घरातले दिवे गेले म्हणजे तारेतली वीज गेली, असे मुळीच नाही. तार कोरड्या मातीवर किंवा डांबरावर पडली, तर जमिनीत उतरणारा प्रवाह कित्येकदा इतका कमी असतो की उपकेंद्रातल्या संरक्षक यंत्रणेला तो नेहमीच्या वापरासारखाच वाटतो आणि फीडर (त्या भागाला वीज नेणारी वाहिनी) ट्रिप होऊन बंद होतच नाही. झाला, तरी अनेक वाहिन्यांवर काही सेकंदांत पुरवठा आपोआप पुन्हा जोडून पाहणारी यंत्रणा असते. त्यातच कोणी घरातला जनरेटर मुख्य लाइनपासून वेगळा न करता सुरू केला, तर रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) उलट्या दिशेने काम करते आणि बंद समजलेल्या तारेत हजारो व्होल्ट येतात. ठिणग्या नाहीत, आवाज नाही, यावरून काहीच ठरत नाही.

आपण मुलांना ‘हात लावू नका’ एवढेच शिकवतो, ही माझी खरी तक्रार आहे. जिथे तार टेकते तिथे जमिनीचा विद्युतदाब सर्वाधिक असतो आणि लांब जावे तसा तो उतरत जातो. त्यामुळे तारेपासून काही पावलांवर चालणाऱ्या माणसाचे एक पाऊल जास्त दाबावर आणि दुसरे कमी दाबावर पडते, आणि त्या फरकाने प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक आणि मध्ये हृदय, म्हणून ती माणसाआधी बळी पडतात. निदान 10 मीटर लांब राहावे, उच्चदाब वाहिनी असेल तर त्याहून बरेच अधिक. आणि लोखंडी कुंपण किंवा साचलेले पाणी तारेला लागलेले असेल, तर अंतर तिथपासून मोजावे. चुकून आत शिरलाच, तर पळू नये. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, इंच इंच सरकत बाहेर पडावे.

तार गाडीवर पडली तर आतच बसून राहावे. आग लागली तरच उतरावे, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता.

सगळ्यांत कठीण गोष्ट म्हणजे कोणी तारेला चिकटलेला असताना धावून न जाणे. हे लिहितानाही बरे वाटत नाही, पण वीज कंपनीला फोन करून पुरवठा बंद होईपर्यंत इतरांना रोखणे एवढेच आपल्या हातात असते.

त्या दिवशी लाइनमन आला, तेव्हा त्याने आधी फोनवरून शटडाऊन पक्का केला, मग वाहिनी तपासली, दोन्ही बाजूंना अर्थिंग केले (म्हणजे वाहिनी जमिनीशी जोडली) आणि हातमोजे घालूनच तार उचलली. भिंतीला टेकवून ठेवलेला तो बांबू मी नंतर हातात घेऊन पाहिला. तो अर्ध्याहून अधिक भिजलेला होता.