दोघं सोडून चालले, तारखेचं काय?

दादाच्या सॉफ्टवेअर टीममधल्या दोघांनी एकाच आठवड्यात राजीनामे दिले, त्यामुळे काल कट्ट्यावर दुसरा विषय निघालाच नाही.

"दोन गेले, दोन भरायचे. क्लायंटला दिलेली तारीख हलणार नाही," दादाचं सरळ म्हणणं.

"मग ती नक्की हुकणार," अण्णा म्हणाले. "आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय: रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवलीत तर तो आणखी रखडतो. नव्याला शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो."

"अहो, मी वाढवत कुठे आहे? रिकामी जागा भरतोय."

मुद्दा बिनतोड होता. पण जागा भरली तरी गेलेल्याला जे माहीत होतं ते नव्याला कोण सांगणार? तिथेच ताईने त्याला पकडलं. "नोटीस पिरियडमध्ये दोघं काय करतायत?"

"हॅंडओव्हरचं डॉक्युमेंट लिहितायत."

"त्यात नेमकं हवं ते नसणार. हाताला सवय झालेल्या गोष्टी लिहायच्या असतात हे कोणाला सुचतच नाही. आमच्याकडे रोज रात्रीचा रिपोर्ट एकाच्या लॉगिनवरून चालायचा. तो गेला, नियमाप्रमाणे अकाउंट बंद झालं आणि सकाळी रिपोर्ट गायब! त्यापेक्षा पुढचा रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायचं काम, दुसऱ्याला करू दे. जाणाऱ्याने नुसतं शेजारी बसायचं, कीबोर्डला हात लावायचा नाही. जिथे अडेल, तेवढंच लिहून काढा."

मला हे शंभर टक्के पटतं. पानंच्या पानं लिहून घेण्यापेक्षा असा एक रिलीज कितीतरी कामाचा.

तारखेवरून मात्र जुंपली. क्लायंट ऐकणार नाही, हे दादाचं पालुपद. अण्णांचं म्हणणं, आत्ताच सांग, ठरल्या तारखेला काय मिळेल आणि काय मागाहून येईल. शेवटच्या आठवड्यात कळलं तर त्याच्याही हातात काही उरत नाही. मी अण्णांच्या बाजूने. दोघांचं काम उरलेल्यांच्या गळ्यात मारून तारीख गाठायला गेलं, की तिसरा राजीनामा ठरलेला.

"उरलेल्यांना विचारलंस का, कोणावर किती पडतंय ते?" ताईने विचारलं.

दादाने विचारलं नव्हतं. आता आधी एकेकाशी बोलतो, मग क्लायंटला फोन, असं म्हणाला. हाच क्रम बरोबर आहे. कुठलं काम मागे ठेवता येईल, हे ते काम करणाऱ्यांनाच ठाऊक असतं.