फाडल्यावर कळलं, पत्ता खरा होता

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलेय. लांबड होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढं जावं.

आज शनिवार, सकाळची शाळा. साडेअकराला भाचा आला तो कुणाशी न बोलता थेट माडीवर. पाचवीत आहे. एरवी दप्तर टाकायच्या आधी ‘आत्या, खायला काय?’ विचारणारं पोर. वर जाऊन बघते तर कंपासपेटीतून कागदाचे तुकडे काढून चादरीवर जुळवत बसलेलं. पोकेमॉनचे, म्हणजे त्या जपानी कार्टूनमधल्या लढणाऱ्या प्राण्यांचे, दोन पत्ते. त्यातला एक गेंगार, त्याचा जीव की प्राण. सरांनी भर वर्गात फाडले. ‘शाळेत जुगार आणतोस?’ म्हणाले आणि फाडले. मधल्या सुट्टीत मित्राशी अदलाबदल करत होता, एवढाच गुन्हा. शाळेचं नाव लिहीत नाही, वहिनीनं शपथ घातलीय. आणि वहिनीनं स्वतः काय केलं? सरांना फोन लावून माफी मागितली! वहिनी, वाचत असशील तर वाच. तोंडावर बोलले ते इथंही लिहितेय.

शाळेत कशाला न्यायचे, असं तुम्ही म्हणणार. नको होते न्यायला, मान्य. जप्त करा, वार्षिक परीक्षेपर्यंत कपाटात ठेवा, दादाला बोलावून चार शब्द सुनवा. पण फाडायचे? दहा वर्षांच्या पोराची वस्तू, त्याच्याच डोळ्यांसमोर?

आणि शब्द कुठला, तर जुगार.

सर गणित शिकवतात, म्हणून मुद्दाम सांगते. हा पत्त्यांचा अख्खा प्रकार ज्यानं सुरू केला तो गणितातलाच माणूस आहे. रिचर्ड गारफील्ड. गणितात डॉक्टरेट केलेला, कॉलेजात शिकवणारा. त्यानं एक बोर्डगेम तयार करून अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीला दाखवला. कंपनीवाला म्हणाला, हे छापायला परवडणार नाही, काहीतरी लहान, स्वस्तात छापता येईल आणि थोड्या वेळात संपेल असं दे. त्यातून १९९३ मध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आला. गंमत अशी की यात सगळ्यांकडे सारखे पत्ते नसतात. पाकीट घ्यायचं, आत निघेल ते निघेल. नको ते दुसऱ्याला द्यायचं, हवं ते त्याच्याकडून मागायचं, आणि त्यातून ज्यानं त्यानं आपापला कॅट बांधायचा. (भाचा ‘डेक’ म्हणतो. आम्ही कॅटच म्हणायचो.) पुढं ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले आणि १९९९ मध्ये ते इंग्रजीत आणले याच मॅजिकवाल्या कंपनीनं. कॅट साठ पत्त्यांचा. साधे एनर्जीचे, म्हणजे ताकद पुरवणारे, पत्ते सोडले तर एका नावाचे चारपेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. सात हातात, सहा बक्षिसाचे बाजूला पालथे. समोरच्याचा एक गडी पाडला की आपलं एक बक्षीस उचलायचं. आता कुठला पत्ता किती घालायचा, म्हणजे पहिल्या सातांत तो यायची शक्यता किती, हे पोरं बोटांवर मोजत असतात. याला सर काय म्हणतात? त्यांच्याच विषयातला धडा आहे ना तो?

बरं, जुगाराचा शिक्का अगदी हवेतून आलेला नाही, हेही लिहून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी शहाणा लिहीलच. मॅजिकच्या पहिल्या नियमांत दोघांनी डावाआधी एकेक पत्ता लावायचा आणि जिंकेल त्यानं तो न्यायचा असं होतं. पुढं ते काढून टाकलं. बंद पाकिटात नशिबाचा भाग आहेच, पोरं त्यात पैसे घालवतात, मोठी पोरं लहानांना गंडवतात. आहे तसं. पण आपण गोट्या कशा खेळलो? खऱ्या-खऱ्याच ना? संध्याकाळी खिसा रिकामा घेऊन रडत घरी कोण यायचं, सांगू का नावानिशी?

खऱ्या-खऱ्यावरून आठवलं. खरं म्हणजे दुपारपासून तेच आठवतंय.

२००४ साल. मी सहावीत. साताऱ्यात शनिवार पेठेतला आमचा जुना वाडा, त्यात मागच्या दोन खोल्यांत घड्याळवाले राहायचे. त्यांचा मुलगा माझ्याएवढाच. केबलवर पोकेमॉन हिंदीत लागायचं आणि अख्खी पेठ पागल झाली होती. राजवाड्याजवळच्या एका स्टेशनरीत पत्त्यांची पाकिटं दोरीला लटकवलेली असायची, पाच रुपयांना एक. सगळी डुप्लिकेट, पण डुप्लिकेट म्हणजे काय हे कळायला खरा पत्ता कुणी पाहिलेला असावा लागतो. माझ्याकडे चारिझार्ड होता, आग ओकणारा. त्यावर बळ छापलेलं २२०. पहिल्या इंग्रजी संचातल्या चारिझार्डचं बळ १२० असतं हे मला नोकरी लागल्यावर कळलं! पण तेव्हा त्या एका पत्त्यावर मी वाड्यात पाटीलकी केली.

घड्याळवाल्यांच्या मुलाकडे पाच रुपये नसायचे. त्यानं कॅट स्वतःच बनवला. लग्नपत्रिकांचा. त्या उन्हाळ्यात वाड्यात आलेली एकही पत्रिका अखंड राहिली नाही. वडिलांच्या दुकानातली पात घेऊन माझ्या पत्त्याच्या मापानं तो तुकडे कापायचा, एकाही कोपऱ्याला वाकडेपणा नाही. रोज संध्याकाळी एक पत्ता माझ्याकडून मागून न्यायचा, घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग लावून बघायचा आणि सकाळी परत आणून द्यायचा. बरोबर त्यानं काढलेला पत्ता. खालच्या कोपऱ्यातली खूणसुद्धा सोडायचा नाही. गोल म्हणजे साधा, चौकट म्हणजे जरा कमी मिळणारा, चांदणी म्हणजे दुर्मीळ. साठच्या साठ काढले त्यानं.

नियम माझ्याकडे होते. मामानं मुंबईहून कुणाच्या तरी पोराची टाकून दिलेली नियमांची पुस्तिका आणली होती. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. मी डिक्शनरी घेऊन बसायचे. ‘डिस्कार्ड’, ‘ॲटॅच’, ‘रिट्रीट’, ‘अपोनंट’ हे सगळे शब्द मला शाळेच्या आधी त्या पुस्तिकेनं शिकवले. ‘वीकनेस’ला डिक्शनरीत ‘अशक्तपणा’ दिलेलं. म्हणून आमच्या वाड्यात पाण्याचा पत्ता समोर आला की चारिझार्डला अशक्तपणा यायचा. मोठी माणसं ऐकून हसायची. आजी म्हणायची, त्याला लिंबूपाणी द्या.

हे मी सरांना कसं सांगू? ‘सर, मी आज जे इंग्रजीत ईमेल लिहून पगार घेते त्याची सुरुवात एका डुप्लिकेट पत्त्यापासून आहे’? हसतील.

आता त्या तुकड्यांचं. खरा पत्ता असतो ना, त्यात दोन कागदांच्या मध्ये एक काळा थर असतो, उजेडासमोर धरला तरी आरपार दिसू नये म्हणून. फाडला की कडेला बारीक काळी रेघ दिसते. डुप्लिकेटमध्ये बहुतेक नुसतं पांढरं. दादानं हे पत्ते पुण्याहून आणलेले, पण पुण्यातही काय कमी खोटं मिळतं? मला कायम शंका होती, पोराला बोलले नव्हते. आज गेंगारचा अर्धा तुकडा खिडकीशी नेऊन बघितला. काळी रेघ. चांगली ठसठशीत.

खरा होता. फाडल्यावर कळलं.

एवढं बघितलं आणि सकाळपेक्षा जास्त राग आला.

सावंतवाडीच्या राजवाड्यात आपण सगळे जाऊन आलोय. तिथले गंजिफे बघून काय काय बोलतो आपण! गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा. मत्स्य, कूर्म, वराह, सगळे देव पत्त्यांवर. तो खेळच आहे हो, डाव मांडून खेळायचा. त्याचा संच विकत आणून आपण दिवाणखान्यात काचेत लावतो, पाहुण्यांना दाखवतो. काचेत असला की वारसा आणि पोराच्या कंपासपेटीत सापडला की जुगार. आणि हेच सगळे कालपरवापर्यंत लग्नाच्या मांडवात, एस.टी.त, अगदी बाराव्याच्या घरातसुद्धा मोबाइलवर रमी खेळत होते. त्यांचे मोबाइल फाडा ना! बरं, फोडा.

नातेवाइकांची आणखी एक तऱ्हा. पत्ते म्हटलं की यांचा एकच प्रश्न, ‘विकले तर किती येतील?’ कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवलेलं असतं, एका यूट्यूबरनं २०२१ मध्ये पिकाचूचा एक पत्ता ५२ लाख ७५ हजार डॉलरना घेतला. घेतला, खरं आहे. पण तो पत्ता मुळात कशाचा होता हे कुणी विचारत नाही. जपानात १९९७-९८ मध्ये एका मासिकानं चित्रांच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. पोकेमॉनचे पत्ते काढून पाठवा म्हणून. जिंकणाऱ्यांना बक्षीस म्हणून तो पत्ता दिला. म्हणजे आज जगातला सगळ्यात महागड्यांपैकी एक असलेला पत्ता हा पत्ते काढणाऱ्यांना मिळालेला पत्ता आहे. हे वाचलं तेव्हा मला आधी घड्याळवाल्यांचा मुलगाच आठवला. त्याला कुणी काय दिलं? पत्रिका फाडल्या म्हणून वडिलांनी दोन दिल्या, आणि मी...

मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता एवढं लिहिलंय तर तेही लिहिते.

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला तो चित्र काढायचा. मागच्या बाजूला पत्रिकेतला मजकूर तसाच. म्हणजे प्रत्येक पत्त्याची पाठ वेगळी! ‘श्री गणेशाय नमः’ म्हणजे ब्लास्टॉइज. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ म्हणजे मिउटू. ‘आहेर आणू नये’ म्हणजे पाण्याची एनर्जी. ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ म्हणजे पिकाचू. मी आठवडाभरात साठ पाठी पाठ केल्या. भारनियमनात कंदील मध्ये ठेवून आम्ही डाव मांडायचो, त्याच्या हातात काय आहे ते मला त्याच्याइतकंच दिसायचं. खऱ्या-खऱ्या डावात मी त्याचे अकरा पत्ते जिंकले. प्रत्येक पत्त्याला त्याची एकेक संध्याकाळ गेलेली. तो फक्त म्हणायचा, ‘तुझं डोकं भारी चालतं.’

सर, जुगार म्हणायचं तर त्याला म्हणा. तो मी केला. आणि त्यात दोष पत्त्यांचा नव्हता.

मग एका संध्याकाळी तो कॅट घेऊन आला. सगळ्या पत्त्यांच्या पाठीवर वह्यांना घालतो तो खाकी कागद चिकटवलेला. एकसारखा, गुळगुळीत, कडा घासलेल्या. बोलला काहीच नाही. पिसले आणि वाटले. त्या दिवशी मी चारिझार्ड लावला होता.

हरले. त्यानं चारिझार्ड उचलला, भिंग लावून नीट बघितला आणि म्हणाला, ‘डुप्लिकेट आहे. छपाईचे ठिपके फुटलेत.’ आणि खिशात घातला. मी रडले, आईकडं गेले, आई म्हणाली परत दे रे तिचा. तो म्हणाला, ‘काकू, खरं-खरं होतं.’ नाही दिला. त्याला कधीपासून कळलं होतं हे मी विचारलं नाही. पुढं वाडा पाडला, अपार्टमेंट झालं, ते लोक गेले.

हं. संध्याकाळ झाली लिहितालिहिता. चार ओळी लिहिल्या, पुसल्या, परत लिहिल्या. सरांवरचा राग थोडा उतरलाय, पूर्ण नाही. साठ पोरं एका वर्गात, शनिवारचा शेवटचा तास, त्यात कुणीतरी पत्त्यांवरून हाणामारी केलेली असणार. माणसाचा हात सुटतो. पण सोमवारी मी जाणार आहे शाळेत. भांडायला नाही. पुस्तिका घेऊन, ती अजून आहे माझ्याकडे. सरांनी पाच मिनिटं वाचावी, एवढंच म्हणणार. वहिनी, तू अडवू नकोस.

मघाशी गेंगार चिकटपट्टीनं जोडून दिला. भाच्यानं हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाला, ‘आत्या, हा आता खेळता येणार नाही. मार्क्ड झाला. कव्हरमध्ये घातला तरी जाड लागतो, हाताला कळतो.’ स्पर्धेचा नियमच आहे म्हणे, पाठीवरून किंवा स्पर्शावरून ओळखू येईल असा पत्ता कॅटमध्ये चालत नाही. मला म्हणजे काय बोलावं सुचेना.

मग त्याला घड्याळवाल्यांच्या मुलाची गोष्ट सांगितली. अकरा पत्त्यांसकट. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, ‘आपण काढू गेंगार. जाड कागद कुठाय?’ घर धुंडाळलं. एक पत्रिका नाही. हल्ली सगळी आमंत्रणं व्हॉट्सॲपवर, वर तुतारी वाजणारा व्हिडिओ.

तर साताऱ्यातल्या मंडळींनो, कुणाकडे जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील, जाड, लॅमिनेशन नसलेल्या, एक बाजू कोरी असलेल्या, तर रद्दीत घालू नका. मेसेज करा, गोडोलीपासून यवतेश्वरापर्यंत कुठंही येऊन घेऊन जाईन. साठ पत्ते काढायचेत.

खाकी कागद आहे घरात.