मसाई माराला निघालात? क्रॉसिंगचा हट्ट सोडा

जुलै-ऑगस्टमध्ये केनियाला जाणारे ओळखीचे लोक हल्ली एकच प्रश्न विचारतात, ‘क्रॉसिंग दिसेल ना?’ म्हणजे विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडताना दिसतील ना? सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, म्हणजे गायीसारखी दिसणारी मोठी हरणं, आणि त्यांच्यासोबत झेब्र्यांचे कळप कोवळ्या गवतामागे टांझानियातल्या सेरेनगेटीतून वर मारात येतात. वाटेत मारा नदी आडवी येते, तीही मगरींसकट. ते दृश्य अंगावर काटा आणतं, यात वाद नाही. पण आपण ते बघतो कसं, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

मी काठावर होते तेव्हा कळप उतारावर येऊन थबकला होता. सगळ्यात पुढची मादी पाणी हुंगायची, दोन पावलं टाकायची, एखादी गाडी सुरू झाली की गर्रकन वळायची. तिच्यामागे अख्खा कळप उलटा पळायचा. वायरलेसवर ‘न्युम्बू, न्युम्बू’ (स्वाहिलीत विल्डबीस्ट) ऐकून आणखी गाड्या धूळ उडवत येतच होत्या. उघड्या छतांतून डोकी बाहेर, आणि त्यात आपली मराठी मंडळीही ड्रायव्हरला ‘दादा, अजून थोडं पुढे’ म्हणत होती. शेवटी कळप उतरला तो गाड्यांमध्ये उरलेल्या फटीतून, नेमका जिथे काठ सरळ तुटलेला होता तिथून.

याचा राग ड्रायव्हरवर काढू नका. त्याची टिप आपल्या हातात असते आणि पकडला गेला तर कारवाई त्याच्यावर होते. 2025 मध्ये सेरेनगेटीत तर पर्यटक गाड्यांतून उतरून काठावर उभे राहिले आणि कळपाची वाटच अडली. त्यांना काय ड्रायव्हरने ढकललं होतं?

माझं म्हणणं सरळ आहे. निम्मे दिवस तरी रिझर्व्हच्या बाहेरच्या कॉन्झर्व्हन्सीत राहा.

मसाई मारा रिझर्व्ह साधारण 1,510 चौरस किलोमीटरचं. पण प्राण्यांना त्याची हद्द कुठे माहीत? उत्तरेला आणि पूर्वेला लागून मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ ही तिथल्या कॉन्झर्व्हन्सींची नावं. ही कुटुंबं आपापले सातबारे, म्हणजे तिकडचे टायटल, एकत्र करून जमीन भाड्याने देतात. कॅम्पवाले त्यांना ठरलेलं भाडं देतात, तंबूंची संख्या मर्यादित ठेवतात. गुरं ठरल्याप्रमाणे चरतात, सिंहही तिथेच राहतात.

भाडं थांबलं तर काय होतं? माणूस आपल्या जमिनीला तारेचं कुंपण घालतो. त्याची चूक नाही, त्यालाही पोरंबाळं आहेत. पण माराच्या ईशान्येला असलेल्या लोइताच्या माळावरून मारात येणारं विल्डबीस्टचं दुसरं, छोटं स्थलांतर कुंपणं आणि वस्त्यांमुळे जवळजवळ संपत आलंय. 2020 मध्ये करोनाने पर्यटक बंद झाले तेव्हा भाड्यालाही कात्री लागली. तुमचा तिथला मुक्काम ही तार लांब ठेवतो. इतका थेट संबंध मी दुसऱ्या कुठल्या जंगलात पाहिलेला नाही.

आणि बघायला काय मिळतं म्हणाल, तर पायी फिरता येतं. रिझर्व्हमध्ये ते चालत नाही. आमच्या मसाई वाटाड्याने वाळलेल्या पांढऱ्या विष्ठेपाशी बसवून तरसाचा सगळा आहार समजावला. हाडं चावून खातो, म्हणून ती चुन्यासारखी पांढरी. काठीच्या टोकाने ती फोडून आतले केस दाखवले, हा झेब्रा, हा बहुतेक इम्पाला. तेवढ्यात घंटा वाजवत गुरं शेजारून गेली, मागे लाल शुका पांघरलेला एक मुलगा. आदल्या संध्याकाळी सिंहीण त्याच टेकाडावर बसली होती.

महाग पडतं, हे खरं. पण 2024 पासून रिझर्व्हचा प्रवेशच जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर झालाय. म्हणून दिवस कमी करा, पण जागा नीट निवडा. जमत असेल तर फेब्रुवारीत जा. तेव्हा विल्डबीस्टचे मोठे कळप दक्षिण सेरेनगेटीत विणीला गेलेले असतात, पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ मारातच असतात आणि गाड्या खूप कमी.

बुकिंग करताना टूरवाल्याला दोनच गोष्टी विचारा: मुक्काम कुठल्या कॉन्झर्व्हन्सीत आहे, आणि तिथल्या जमीनमालकांना भाडं कसं पोचतं. उत्तर देता आलं नाही तर दुसरा टूरवाला शोधा.