घसारा वजा जाता

मी व्यवसायाने मोटार सर्वेअर आहे. म्हणजे परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड या पट्ट्यात एखादी चारचाकी झाडावर, पुलाच्या कठड्यावर किंवा दुसऱ्या चारचाकीवर जाऊन आदळली, की पोलिसांचा पंचनामा उरकल्यावर आणि ती टोचन करून गॅरेजमध्ये आणल्यावर, तिच्यासमोर उन्हात उभे राहून कोणता भाग गेला, कोणता ठोकून सरळ होईल आणि कोणता भाग मालकाने या निमित्ताने नवा करून घ्यायचा ठरवला आहे, हे विमा कंपनीसाठी लिहून काढण्याचे काम मी गेली एकवीस वर्षे करीत आहे. असा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर त्याला विरंगुळा म्हणून काय दाखवू नये, याचा विचार भाच्याने करायला हवा होता.

भाचा सेलूचा, शिकायला पुण्यात. मे महिन्यात मामाच्या गावाला येण्याची प्रथा त्याने निष्ठेने पाळली आहे; फक्त पूर्वी येताना तो पतंग आणि गोट्या आणीत असे, यंदा त्याने उशीएवढा लॅपटॉप आणला. त्यात बीमएनजी ड्राइव्ह नावाचा एक खेळ होता. "मामा, तुमच्याच लाइनीतलंय," असे म्हणून त्याने पडद्यावरची एक छोटी मोटार सिमेंटच्या भिंतीवर नेऊन घातली. बोनेट मधोमध दुमडून तंबूसारखे उभे राहिले, उजवे चाक आत ढकलले गेले, समोरची काच गेली आणि रेडिएटरमधून वाफ निघू लागली. भाचा खदखदून हसला. माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"गाडी कोणत्या सालची?" मी विचारले.

"मामा, गेमंय ती."

"गेम असली तरी साल लागतं. पाच ते दहा वर्षांतली असली तर लोखंडाला चाळीस टक्के घसारा, दहाच्या पुढं पन्नास. रबर, नायलॉन अन् प्लास्टिकला गाडी कालची असली तरी पन्नास. काचेला तेवढा शून्य." (घसारा म्हणजे भाग जुना झाल्यापोटी भरपाईतून कापला जाणारा हिस्सा.)

भाच्याने माझ्याकडे, डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांकडे पाहतात तसे पाहिले आणि की-बोर्डवरील 'आर' हे बटन दाबले. क्षणात बोनेट सपाट झाले, चाक जागेवर आले, काच बसली, आणि ती मोटार जणू काही झालेच नाही अशी उभी राहिली. मी तेव्हा मनातल्या यादीत जेमतेम पुढच्या बंपरपर्यंत पोचलो होतो.

एक गोष्ट मात्र व्यावसायिक प्रामाणिकपणाने मान्य केली पाहिजे. या खेळातला पत्रा खोटा वाकत नाही. इतर खेळांमध्ये मोटार म्हणजे मुळात एक घट्ट डबा असतो आणि धडक बसली की त्यावर आधीच काढून ठेवलेले पोचे चिकटवले जातात. येथे संपूर्ण वाहन म्हणजे वजन असलेले शेकडो बिंदू आणि त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या, ताणल्या आणि दबल्या जाणाऱ्या दांड्या असतात. त्या दांड्यांवर किती जोर आला आणि कोणती वाकली किंवा तुटली, याचा हिशेब संगणक सेकंदाला दोन हजार वेळा करतो. भाच्याने हे सर्व कागदावर आकृती काढून समजावले, पण मला ते उमगले आईच्या बाजेवर बसल्यावर. बाजेच्या एका कोपऱ्यावर भार टाकला की समोरच्या कोपऱ्यापर्यंत सगळी वीण ओढली जाते, आणि एखादी सुतळी तुटली की तिथला खोलगटपणा कायमचा राहतो. ही मोटार म्हणजे चार चाके लावलेली बाज आहे. आमच्या क्षेत्रात एका दाव्याचा हिशेब लागायला कधी कधी दोन महिने जातात, हे मी भाच्याला सांगितले नाही.

या खेळाविषयी मला पहिल्यांदा आदर वाटला तोही याच कारणाने. मालक सांगतो की रस्त्यात अचानक बैल आडवा आला. पाहावे तर पुढचा बंपर फुटलेला असतोच, पण मागचा डावा दिवाही फुटलेला असतो. बैल एकाच वेळी पुढून आणि मागून आडवा कसा आला, हे विचारले की मालक आकाशाकडे पाहतो. या खेळात असे जुने दुखणे नव्या दाव्यात घुसवता येत नाही. जिथे मार बसतो तिथूनच तो आत पसरतो.

खेळ बनवणारी मंडळी जर्मनीतल्या ब्रेमेन शहराची आहेत, असे भाचा म्हणाला तेव्हा बाजेवर पडलेल्या आईने डोळे न उघडता "जगात जर्मनी, भारतात परभणी," असे म्हटले. हे वाक्य आमच्याकडे अभिमानाने म्हटले जाते आणि नालीचे पाणी घरात शिरल्यावरही म्हटले जाते, आणि दोन्ही वेळेस म्हणणाऱ्याचा सूर तोच असतो. त्या सायंकाळी मात्र मला त्यात शब्दशः तथ्य आढळले. हा खेळ मे २०१५ मध्ये विक्रीस आला तो 'अर्ली ॲक्सेस' या नावाखाली. म्हणजे काम पूर्ण झालेले नाही, परंतु तुम्ही वापरायला लागा, आम्ही मागून करीत राहू. ते अजूनही करीतच आहेत. त्याच सुमारास आमच्या घरासमोरचा रस्ता खोदला गेला आणि तोदेखील आम्ही तेव्हापासून वापरतो आहोत. फरक इतकाच, की जर्मन लोकांच्या कामात दर काही महिन्यांनी खरोखर नवी भर पडते.

भाच्याचे मित्र रात्री फोनवर जमत आणि त्यांची मते मला कूलरच्या आवाजापलीकडून ऐकू येत. एकाचे म्हणणे असे, की या खेळात जिंकायचे काय हेच कळत नाही. दुसरा त्यावर म्हणे, की जिंकायचे नाही म्हणूनच तर मजा आहे. तिसऱ्याची कायमची तक्रार अशी, की रस्त्यावर दहा गाड्या सोडल्या की त्याचा संगणक तव्यासारखा तापतो. ती तक्रार आमच्या घरी अनुभवाने सिद्ध झाली. बाहेर त्रेचाळीस अंश, आत लॅपटॉप. शेवटी भाच्याने कूलरचे तोंड माणसांकडून वळवून लॅपटॉपकडे केले. "माणसाला ऊन लागलं तर कांदा लावता येतो, याला काय लावू?" हा त्याचा युक्तिवाद होता. बायकोने त्या खेळाविषयी दिलेले मत येथे नोंदवण्यासारखे नाही, परंतु ते कूलरपासून सुरू होऊन माझ्या माहेरच्या माणसांवर संपले. पुरुषाला माहेर नसते हे तिला माहीत आहे. त्या दिवशी तिने ते दिले.

आईचे मत निराळे होते. तिने चष्मा लावून दोन अपघात नीट पाहिले आणि विचारले, "ड्रायव्हर कुठं गेला रे?" खरोखरच गाडीत कोणी नव्हते. या खेळात स्टेअरिंग आपले आपण फिरते, आसन रिकामे असते. "मंग बरंय," असे म्हणून ती पुन्हा आडवी झाली. माझी मात्र त्या रात्री झोप उडाली. क्लेम फॉर्मवर अपघातसमयी वाहन चालवणाऱ्याचे नाव आणि लायसन्सचा क्रमांक लिहिण्याची जागा असते, आणि ती कोरी ठेवून चालत नाही. वर्तमानपत्रांतून 'चालक पसार' असे नेहमी छापून येते, परंतु तो निदान अपघातानंतर पसार होतो. येथील चालक गाडी सुरू होण्यापूर्वीच पसार झालेला होता.

(भाचीच्या मोबाइलवर याच्या नेमका उलट प्रकार निघाला. टर्बो डिसमाउंट हा फिनलंडमधील मंडळींनी २०१४ मध्ये आणलेला खेळ. त्यात वाहनावर एक बाहुला बसवायचा, त्याला भिंतीकडे सोडून द्यायचे, आणि तो जितका आपटेल तितके गुण घ्यायचे. आईने तो बाहुला एकदाच पाहिला आणि त्याची दृष्ट काढायला मीठ-मोहरी मागितली.)

समोर एक निवृत्त एसटी चालक राहतात. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांच्या बैठकीत देवाच्या फोटोशेजारी लावलेला आहे. मोठ्या आदराने भाच्याने त्यांना खुर्चीवर बसवले आणि एक बस काढून दिली. त्यांनी प्रथम आरसे कुठे आहेत ते विचारले. मग गाडी चाळीसच्या वेगाने डाव्या बाजूने चालवायला सुरुवात केली. तो नकाशा अमेरिकेतला असल्यामुळे समोरून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्यावर येत होती आणि ते प्रत्येक वेळी गाडी मातीवर उतरवून, त्या मूर्खाला वाट देऊन, पुन्हा डाव्या बाजूने जात होते. अर्धा तास झाला, एकही ओरखडा उठला नाही. जमलेली पोरे एकेक करून गच्चीवर निघून गेली. "काका, एकदा तरी ठोका ना," भाचा काकुळतीला आला. त्यांनी बस रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली आणि चष्मा काढून म्हणाले, "पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी पगार घेतला, ते आता फुकटात मोडू का?" खेळाविषयी त्यांचे मत विचारले असता, स्टेअरिंग हलके आहे आणि वाटेत थांबे नाहीत, असे दोन दोष त्यांनी सांगितले.

सर्वांत मोलाचे मत मात्र गॅरेजवाल्या चाचांचे. वसमत रोडवर त्यांचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान आहे आणि माझ्या निम्म्या अहवालांतले अपघात त्यांच्याच अंगणात उभे असतात. माझ्याकडे सहीसाठी आले असताना ते भाच्यामागे उभे राहून पाहू लागले आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा गाणे ऐकणाऱ्यासारखा झाला. "पत्रा बराबर चाललाय साहेब. हा बघा, पिलर दबला, म्हणून दरवाजा अडकणार." दरवाजा अडकला. "आता पाणी गेलं, इंजिन गरम होऊन बसणार." इंजिन बसले. चाचांनी त्या जर्मन लोकांना मनापासून दाद दिली. इतक्यात भाच्याने आर दाबले.

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली बसत म्हणाले, "साहेब, हे बटन बाजारात आलं तर आमी काय करायचं? तीन पोरं हातोडीवर मोठी केली." मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो अर्धाच घेतला आणि जाताना लॅपटॉपकडे, नव्याने उघडलेल्या समोरच्या दुकानाकडे पाहावे तसे पाहून गेले.

एवढ्या लोकांची मते ऐकल्यावर आपलेही असावे, म्हणून एका रात्री सगळे गच्चीवर झोपले असताना मी लॅपटॉप उघडला. यातल्या गाड्यांची नावे काल्पनिक असतात. त्यात इबिशू पिजन नावाची एक तीनचाकी मला सापडली. पाहताक्षणी जीव जडला. मागे हौदा, पुढे एकच चाक, अंगात ताकद नाही आणि वळणावर उलटण्याची अनावर ओढ. म्हणजे आपले टमटमच. पहिल्या वळणावर ती उलटली. मी इकडे तिकडे पाहिले आणि आर दाबले. दुसऱ्या वेळी ती उताराने गडगडत गेली, पुढचे चाक निखळून स्वतंत्रपणे दरीत उतरले. मी पुन्हा आर दाबले. तिसऱ्या वेळेपासून मी घसारा मोजणे सोडले. एकवीस वर्षे मी अपघात घडून गेल्यानंतर पोचत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा मी वेळेवर हजर होतो. पहाटे चारला पाणी भरायला उठलेल्या बायकोने मला हसताना पाहिले आणि ती पाणी न भरताच वर गेली.

आठवडाभर हा क्रम चालला. बोटाला सवय अशी लागली, की काही बिघडले की ते आर शोधू लागे. आठव्या दिवशी सकाळी जिंतूरला एक सर्वे होता. माझी मोटार भिंतीकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे ती मागे घेणे भाग होते. मी गिअर टाकला, आणि आठवडाभराच्या आत्मविश्वासाने, आरशात न पाहता, क्लच सोडला. समोरच्या निवृत्त चालकांचे लोखंडी फाटक मी शेकडो वेळा पाहिले होते; त्या दिवशी ते माझ्या डिकीत आले.

ते दारातच पेपर वाचीत बसले होते. त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि आत जाऊन, मला वाटते, बिल्ला जागेवर आहे की नाही ते पाहून आले.

मी खाली उतरून पाहणी केली. मागचा बंपर प्लास्टिकचा, म्हणजे पन्नास टक्के घसारा. डिकीचा पत्रा गाडीच्या वयाप्रमाणे चाळीस. वर हजार रुपये मालकाने स्वतः सोसायचे, आणि पाच वर्षे दावा न केल्यामुळे हप्त्यात मिळणारी पन्नास टक्के सूट पुढच्या वर्षी पाण्यात. घसारा वजा जाता हातात जे उरत होते त्यात जिंतूरची ये-जा झाली असती. शिवाय दावा लावला तर पाहणीला दुसरा सर्वेअर आला असता आणि त्याने मला विचारले असते की बैल कोणत्या बाजूने आला. मी गाडी गुपचूप वसमत रोडला नेली.

चाचांनी डिकीवर हात फिरवला, पोचा तळहाताने मापला आणि कसे झाले ते विचारले. मी खरे ते सांगितले. ते सावकाश चालत पुढे आले, खिडकीतून डोके आत घालून गिअरच्या दांड्यावरचे अक्षर त्यांनी लक्ष देऊन पाहिले, आणि आठ दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले.

"साहेब," ते हातोडी हातात घेत म्हणाले, "त्या आर बटनाबद्दल मी जे बोललो, ते वापस घेतलं."